दहावीचे वर्ष आणि पायांतले घुंगरू

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



गेल्या महिन्यात चिटणीसबाई आमच्या घरी आल्या आणि म्हणाल्या, "यंदा वर्धापनदिनाला तुम्ही चार शब्द बोला." मला वाटले, बाई घर चुकल्या. मंडळात माझी ओळख पापडाचे पीठ चांगले मळते एवढीच. शिक्षण म्हणाल तर सातवी. पूर्वी सातवीला व्हर्नाक्युलर फायनल म्हणत आणि तेवढ्यावर मास्तरकी मिळत असे. माझ्या वेळी ते दिवस सरले होते. आमच्या वाडीतली शाळा सातवीपर्यंतच होती. हायस्कूल लांब, वाटेत पऱ्ह्या, आणि पावसाळ्यात पऱ्ह्याला पाणी आले की पलीकडे जाणे बंद. दोन्ही भाऊ मामाकडे राहून पुढे शिकले. मुलीला दुसऱ्याच्या घरी कसे ठेवायचे, म्हणून मी घरी राहिले. याबद्दल मी कोणाला दोष देत नाही. पण दहावीचे वर्ष म्हणजे काय, हे मला माझ्या धाकट्या लेकीमुळे प्रथम कळले, आणि त्याच वर्षी नृत्याची परीक्षा म्हणजे काय हेही कळले. त्या दोन परीक्षांची तयारी आमच्या दोन खोल्यांच्या घरात कशी झाली, तेवढेच मी सांगणार आहे. त्यात माझी एक चूकही आहे. तीही सांगते, कारण ती चूक आपल्यापैकी पुष्कळजणी करतात.

ज्या भगिनींना या परीक्षांची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडे आधी सांगते. पंडित विष्णु दिगंबर पलुसकर हे आपल्या कुरुंदवाडचे. लहानपणी शोभेच्या दारूमुळे त्यांचे डोळे अधू झाले. पुढे मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे ते गाणे शिकले, आणि १९०१ साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. गाणे-बजावणे हे चांगल्या घरच्या मुलामुलींनी उघडपणे शिकण्याची विद्या आहे, हे त्यांनी लोकांना पटवले. १९३१ साली ते वारले. त्यानंतर त्यांच्या शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. आज गावोगावच्या मुली गाण्याच्या, तबल्याच्या आणि नृत्याच्या ज्या परीक्षा देतात, त्यांपैकी पुष्कळशा याच मंडळाच्या असतात. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण आणि त्यानंतर विशारद, अशा त्या पायऱ्या आहेत. परीक्षा वर्षातून दोनदा होतात. एक उन्हाळ्यात, दुसरी दिवाळीनंतर. वरच्या पायऱ्यांना नुसते नाचून भागत नाही. लेखी पेपर असतो, आणि परीक्षक तोंडीही विचारतात.

दहावीच्या मुलांना अशा शास्त्रीय कलेच्या परीक्षा दिल्याबद्दल बोर्डाच्या निकालात काही वाढीव गुण मिळतात, हे आता सर्वांना माहीत आहे. खरे सांगायचे तर मी लेकीला पाचवीत कथकच्या वर्गाला घातले त्याचे एक कारण हेच होते. शेजारच्या काकूंनी सांगितले, "आत्तापासून घाला, दहावीला कामी येते." मीही हिशेब केला. आपण कोकणातली माणसे. आंब्याचे कलम लावतानाच पेट्या किती होतील ते मोजतो.

नववी संपली तेव्हा लेकीच्या मध्यमा प्रथमपर्यंतच्या परीक्षा झाल्या होत्या. गुणांसाठी लागणारी प्रमाणपत्रे कपाटात जमा होती. माझा हिशेब पुरा झाला. तेवढ्यात जूनमध्ये लेक म्हणाली, "आई, मला डिसेंबरात मध्यमा पूर्णला बसायचे आहे." त्या परीक्षेचा निकाल दहावीचे कागद शाळेतून जाण्याआधी लागण्याची आशा नव्हती. म्हणजे त्या गुणांचा बोर्डात काडीचा उपयोग नाही. मी विचारले, "मग कशाला?" ती म्हणाली, "कशाला म्हणजे? पुढचे शिकायला."

सासूबाई जपमाळ बाजूला ठेवून म्हणाल्या, "अगो, पोरीच्या जातीला हे नाचकाम आता पुरे. दहावी आहे." हे दुकानातून आले तेही म्हणाले, "दहावीचे वर्ष जाऊ दे, मग काय ते बघू." आपला कोकण विभाग दहावीच्या निकालात वर्षानुवर्षे राज्यात पहिला येत आला आहे. त्याचा अभिमान आहे, पण त्याचे ओझेही मुलांच्याच पाठीवर असते. मी मात्र त्या वेळी लेकीची बाजू घेतली. "जमेल तोवर करू दे," असे म्हटले. माझी बाजू किती कच्ची होती ते ऑगस्टमध्ये दिसले.

ऑगस्टमध्ये पहिली घटक चाचणी झाली. गणितात वीसपैकी सात. मी त्याच संध्याकाळी घुंगरू ट्रंकेत टाकले, वर गोधड्या ठेवल्या आणि कुलूप लावले. वर्गाच्या ताईंना फोन करून "दहावी होईपर्यंत येणार नाही" असे कळवले. लेक रडली नाही, भांडलीही नाही. मला वाटले, समजूतदार आहे. तिच्या गप्प राहण्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

गणपतीला आम्ही गावी गेलो. आपल्याकडे गणपतीत जाखडी असते ते तुम्हांला सांगायला नको. आमच्या खळ्यात रात्री मंडळी आली. मधे गाणारा आणि मृदंगवाला, भोवती पायांत चाळ बांधलेले मुलगे फेर धरून नाचू लागले. त्यांत आमच्या भावकीतले दोघे मुलगे दहावीचेच होते. रात्रीचा एक वाजला, दोन वाजले. सासूबाई पुढे बसून कौतुकाने पाहत होत्या. खुद्द मामंजी तरुणपणी नमनात मृदंग वाजवत, तेही मान हलवत होते. त्या दोघांना एकानेही विचारले नाही की, बाबांनो, तुमची दहावी आहे ना? माझी लेक पडवीच्या खांबाला टेकून उभी होती. अंगाचा कोणताही भाग हलत नव्हता, पण उजव्या पायाचा अंगठा जमिनीवर मात्रा मोजत होता. मी पाहिले आणि मान दुसरीकडे वळवली.

रत्नागिरीला परत आल्यावर तिचा अभ्यास तपासावा म्हणून मी गणिताची वही उघडली. मागची चार पाने भरून चौकटी आखलेल्या, आणि चौकटींत आकडे आणि "ता थेई थेई तत्" असले बोल. माझा पारा चढला. "हे गणित काय?" म्हणून मी ओरडले. ती शांतपणे म्हणाली, "आई, हे गणितच आहे. बस, दाखवते."

भगिनींनो, तिने मला दाखवले ते मी तुम्हांला दाखवते. अवघड नाही, आपल्या बोटांवर मोजता येते. त्रितालाच्या सोळा मात्रा. चार-चारचे चार भाग. पहिल्या मात्रेला सम म्हणतात. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी, नवव्या मात्रेवर हात मोकळा सोडायचा, ती खाली. सोळा मात्रा संपल्या की पुन्हा पहिली, म्हणजे पुन्हा सम. आता नाचणारीने एकच बोल तीनदा घ्यायचा आणि तिसऱ्या वेळी त्याचे शेवटचे पाऊल बरोबर समेवर टाकायचे. याला तिहाई म्हणतात. एक पाऊल अलीकडे नाही, पलीकडे नाही. मग बोल किती मात्रांचा घ्यावा आणि दोन बोलांच्या मधे किती थांबावे? तिने लिहिले होते: पाच, एक, पाच, एक, पाच. बेरीज सतरा. सोळा मात्रांचे आवर्तन संपून सतरावी मात्रा म्हणजेच पुढची सम. समेपासून सुरुवात केली की पाय पुन्हा समेवर पडणार.

मी म्हटले, "दहा मात्रांचा ताल असला तर?" ती म्हणाली, "झपताल. तूच काढ." आणि निघून गेली. मी भाकऱ्या थापायला बसले. परातीतल्या पिठात बोटाने रेघा ओढीत होते. दहाची सम अकरावर येणार. तीन वेळा बोल, मधे दोनदा थांबायचे. चार घेतले तर चार त्रिक बारा, जास्त होतात. तीन घेतले तर तीन त्रिक नऊ, उरले दोन, म्हणजे मधे एक-एक. तीन, एक, तीन, एक, तीन. अकरा! तव्यावरची भाकरी करपली. मी पिठाच्या हातानेच आत गेले आणि तिला सांगितले. ती माझ्याकडे पाहून हसली. घुंगरू ट्रंकेत गेल्यापासून ती प्रथमच हसली होती.

त्या रात्री मी ट्रंक उघडली. पावसाळी हवेने घुंगरांची दोरी कुबट झाली होती आणि पितळ काळे पडले होते. चिंचेने घासून, पुसून, दिवसभर उन्हात ठेवले. ह्यांना मी एवढेच म्हटले, "मी ओरडून बंद केले होते, आता विचार करून चालू करते." ते म्हणाले, "गणिताचे काय?" मी म्हटले, "गणिताची शिकवणी लावू. पण सात गुण पडले ते नाचामुळे पडले असे आपल्याला कोणी सांगितले? वर्ग बंद करून महिना झाला. गणित सुधारले का?" ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी शिकवणीची चौकशी करून आले.

आता तयारीविषयी. ज्यांच्या मुली पुढे अशा परीक्षा देणार आहेत त्यांनी आमचा अनुभव जमेस धरावा.

पहिली गोष्ट वेळेची. आम्ही भिंतीवर कागद लावला. रोज तास-दीड तासापेक्षा जास्त नाच नाही, आणि रोज अर्ध्या तासापेक्षा कमीही नाही. ताईंनी मला बजावले होते की रविवारी चार तास नाचून आठवडा भरून निघत नाही. पायांना रोजचे वळण लागते. पहिली वीस मिनिटे ततकार. ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्. आधी ठाय लयीत, मग दुगुन, मग चौगुन. मग उभे राहण्याचा डौल म्हणजे थाट, त्यानंतर आमद, तोडे, परण, आणि शेवटी गत. चकरा रोज थोड्या, पण मोजून. लेहरा मोबाईलवर लावता येतो, त्यामुळे पेटीवाला नाही म्हणून अडत नाही.

दुसरी गोष्ट पढंतीची. नाचायचा बोल हातावर ताल देत तोंडाने म्हणून दाखवणे म्हणजे पढंत. परीक्षक ती हमखास विचारतात. पाय तयार आणि तोंड कच्चे, असे पुष्कळ मुलींचे होते. पढंतीला जागा लागत नाही, घुंगरू लागत नाहीत, शेजाऱ्यांना त्रास होत नाही. मी नारळ खवताना ती समोर बसून पढंत म्हणे आणि मी वही धरून पाहत असे. पहिल्या आठवड्यात मला काही कळेना. दिवाळीपर्यंत ती खालीची मात्रा चुकली तर मी खवणीवरून "अं हं" म्हणू लागले.

तिसरी गोष्ट लेखी पेपरची. ताल चिन्हांनी लिहायचा असतो, त्याला ताललिपी म्हणतात. त्यात एक चिन्ह इकडचे तिकडे झाले की सगळे आवर्तन बिघडते. शिवाय कथकचा इतिहास, लखनौ आणि जयपूर घराणी, हातांच्या मुद्रा आणि त्यांचे उपयोग हे सगळे पाठ हवे. लेकीने मला वाचून दाखवायचे आणि मी प्रश्न विचारायचे, असा आमचा नेम ठरला. लखनौचा नबाब वाजिद अली शाह याच्या दरबारात हे नृत्य फुलले आणि १८५६ साली इंग्रजांनी त्याचे राज्य घेतले, हे मी सातवीपर्यंतच्या इतिहासात ऐकले नव्हते. पुण्याच्या रोहिणी भाटे यांनी १९४७ साली नृत्यभारती ही संस्था काढली आणि मध्यमवर्गीय मराठी घरांतल्या मुलींना कथकचा रस्ता मोकळा करून दिला, हेही तेव्हाच कळले. त्या २००८ साली गेल्या. सासूबाईंना मी हे वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, "भाटे म्हणजे आपल्याकडच्याच की!" नंतर त्या "नाचकाम" हा शब्द जरा जपून वापरू लागल्या.

शेजारची मुलगी भरतनाट्यम शिकते. तिच्या आजीचा आक्षेप असा की हे मद्राशी नाच आपल्याला कशाला. त्यांना मी सांगितले की, तंजावरला आपले मराठी राजे होते. त्यांतल्या दुसऱ्या सरफोजीराजांनी दोनशे वर्षांपूर्वी त्या नृत्यासाठी मराठीत रचना केल्या, आणि मुंबईच्या आचार्य पार्वतीकुमारांनी त्या शोधून पुन्हा रंगमंचावर आणल्या. आजी म्हणाल्या, "तुला गं हे सगळे कुठून माहीत?" मी म्हटले, "मी यंदा मध्यमा पूर्णला आहे!"

चौथी गोष्ट अंगाची. आपल्या घरांतल्या लाद्या कठीण असतात. त्यांवर जोराने तासभर पाय आपटले तर नडग्या दुखू लागतात. लेकीला तसे झाले. ताईंनी सांगितले की घरी निम्मा रियाज घुंगरांशिवाय, हलक्या पायाने करावा आणि जोराचा रियाज वर्गात करावा. दुखते तेव्हा "सवय होईल" म्हणून रेटू नये. रात्री कोमट पाण्यात मीठ घालून पाय बुडवून बसायचे, तेवढा वेळ पुस्तक हातात. खाणे साधेच. सकाळी नाचणीची पेज, संध्याकाळी वर्गाला जाण्याआधी गूळ-शेंगदाणे. नाचणारणीला नाचणी, असे मामंजी म्हणत आणि स्वतःच हसत. भरल्या पोटी नाचू देऊ नये. महिन्याच्या अडचणीच्या दिवसांत तिला बरे वाटत नसेल तर बसून पढंत करावी, बरे वाटत असेल तर नाचावे. त्या दिवसांचा निर्णय तिचा. आपण जुन्या समजुतीने बंदी घालू नये आणि परीक्षेच्या धाकाने जबरदस्तीही करू नये.

मामंजींचे नाव निघाले म्हणून सांगते. त्यांना त्रिताल हे नाव ठाऊक नव्हते. पण एकदा लेक तिहाई घेत होती आणि पाय समेच्या किंचित आधी पडला. खाटेवरून मामंजी म्हणाले, "पोरी, घाई केलीस." तिने पुन्हा घेतली. पुन्हा तेच. ते उठून बसले आणि पाटावर बोटांनी ठेका धरला. पंधरा मिनिटे आजोबा आणि नात यांचे तेच चालले होते. सासूबाई आतून पाहत होत्या. त्यांनी दोघांना चहा आणून दिला. आमच्या घरात परवानगी अशीच मिळते, तोंडाने बोलून नाही.

डिसेंबरात परीक्षा आली. लेखी पेपर बरा गेला. दुसऱ्या दिवशी प्रात्यक्षिक. आयांना आत सोडत नाहीत. आम्ही सगळ्या बाहेर व्हरांड्यात बाकांवर. एकीच्या हातात पिना, दुसरीच्या हातात पाण्याची बाटली. दार लोटलेले होते, पण आवाज बाहेर येत होता. माझ्या लेकीचे नाव पुकारले. ती आत गेली. लेहरा सुरू झाला, तबला सुरू झाला. मी डोळे मिटून मांडीवर मोजू लागले.

थाट झाला, आमद झाली, दोन तोडे झाले. एक लांब चक्रदार तोडा होता, तोच तिला दोन महिने छळत होता. पहिला पल्ला ठीक, दुसरा ठीक, तिसऱ्यात पाय घसरला की मोजणी चुकली कोण जाणे. सम निघून गेली आणि तिचे पाऊल मागाहून पडले. मग घुंगरू थांबले. आत शांतता. भगिनींनो, बाहेर बसलेल्या दुसऱ्या कोणाला काही कळले नाही. त्यांना वाटले, नाच संपला. मला मात्र नेमके ठाऊक होते की काय झाले आहे. तो क्षण मला फार कठीण गेला, पण आज वाटते, माझ्या आयुष्यातल्या चांगल्या क्षणांपैकी तो एक होता. माझी लेक जी विद्या शिकत होती, त्या विद्येत ती चुकली हे मला, सातवी शिकलेल्या तिच्या आईला, बंद दाराबाहेर बसून कळले.

मग परीक्षकबाईंचा आवाज आला. "घाबरू नका. आधी पढंत करा, मग नाचा." लेकीचा आवाज आला. पहिले दोन शब्द कापरे, मग खणखणीत. टाळी, टाळी, खाली, टाळी. पढंत समेवर आली. पुन्हा लेहरा, पुन्हा तोच तोडा. या वेळी पाऊल समेवर पडले. माझा हात मांडीवर इतक्या जोराने पडला की शेजारच्या वहिनी दचकल्या.

निकाल आला तेव्हा दुसरी श्रेणी होती. त्या तोड्याचे गुण गेलेच असतील. मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा झाली. दहावीत एकाहत्तर टक्के मिळाले. मी असे मुळीच म्हणणार नाही की नाचामुळे गणित सुटले. गणित शिकवणीमुळे आणि तिच्या कष्टांमुळे सुटले. माझे म्हणणे एवढेच की नाचामुळे ते बिघडलेही नव्हते. महिनाभर घुंगरू ट्रंकेत होते तेव्हा तिचा अभ्यासही ट्रंकेतच होता. मुलीचे मन म्हणजे काही डब्यांची मांडणी नव्हे की एक डबा खाली काढला तर दुसऱ्याला जागा होईल.

आणखी एक गोष्ट मनाला लागली, ती सांगते. जूनमध्ये लेक पुन्हा वर्गाला गेली तेव्हा तिच्या बरोबरीच्या मुलींपैकी ती आणि आणखी एक, अशा दोघीच आल्या. बाकीच्यांचे गुण मिळाले, काम झाले. पाच-सहा वर्षे रोज घाम गाळलेले पाय त्या दिवशी थांबले. मी त्या आयांना नावे ठेवत नाही. मीही त्याच हिशेबाने लेकीला घातले होते. वाढीव गुण मिळतात ही चांगलीच गोष्ट आहे. त्या निमित्ताने तरी मुली वर्गाच्या दारापर्यंत येतात. पण गुण हे दार आहे. दारातूनच परत फिरायचे असेल तर एवढे चालत यायचे कशाला?

आता शेवटी मंडळाला एक विनंती. आपल्यापैकी पुष्कळांची घरे लहान आहेत. वरच्या मजल्यावर घुंगरू वाजले की खालचे तक्रार करतात, आणि त्यांचेही चुकत नाही. आपल्या मंडळाची ही खोली संध्याकाळी पाच ते साडेसहा रिकामीच असते. पापडाचे काम दुपारीच आटोपते. आपल्या भागातल्या ज्या मुली नृत्याच्या परीक्षेची तयारी करतात, विशेषतः दहावीच्या, त्यांना तेवढा वेळ ही खोली द्यावी. किल्ली मी सांभाळीन, झाडलोट मी करीन, आणि रोज एक आई आळीपाळीने इथे बसेल. बसणारीने नुसते बसू नये. वही घेऊन पढंत ऐकावी. महिन्याभरात तिलाही खाली आणि टाळी कळू लागेल. मंडळाला पदरचा खर्च काही नाही, फक्त दिव्याचे थोडे बिल वाढेल. ते आपण पापडाच्या नफ्यातून भागवू.

माझी शाळा सातवीला सुटली. पुढचे मी या एका वर्षात लेकीबरोबर थोडेसे शिकले. ज्यांची शाळा अशीच मधे सुटली आहे अशा पुष्कळ भगिनी माझ्यासमोर बसल्या आहेत. त्यांना माझे सांगणे एवढेच की मुलीच्या परीक्षेच्या वर्षी तिच्या पायांतले घुंगरू काढून ठेवण्याआधी एकदा तिची वही उघडून पाहा आणि तिला विचारा, "हे काय आहे, मला सांग." ओरडणे त्याच्या नंतरही करता येते.

बोलताना काही कमीजास्त झाले असेल तर सांभाळून घ्यावे. दहा मिनिटांची पंचवीस झाली. सम चुकली म्हणायची!